आप्पांनी जमा केलेलं रिव्हॉल्व्हर

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. ग्रुपवर कुणी अमावास्येचे मेसेज टाकले की त्यांची टर उडवणारा तो मीच. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण गेल्या खंडेनवमीपासून ते डोक्यातून जात नाही, आणि घरात विषय काढला की बायको म्हणते, पुरे आता. म्हणून इथे लिहितोय.

आम्ही सिंगापूरला बिशानमध्ये राहतो. नवव्या मजल्यावरचा एचडीबी, म्हणजे सरकारी वसाहतीतला फ्लॅट – मी, बायको मंजिरी, मुलगी ईरा आणि माझे वडील, आप्पा. आप्पा सातारा जिल्ह्यात फौजदार होते. आई गेल्यावर त्यांना इकडे आणलं, आणि वर्षभरातच त्यांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग जेवलो की नाही, मग मी. मला ते "साहेब" म्हणायला लागले. आपल्या बापाने आपल्याला बघून उठून उभं राहावं आणि "बसा साहेब" म्हणावं, हे ज्याच्या वाट्याला येतं त्यालाच कळतं. फार वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

त्यात संध्याकाळ झाली की त्यांची घालमेल सुरू व्हायची. "साहेब, हत्यार जमा करायचं राहिलंय." ड्युटी संपली की रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा करायचं, त्याशिवाय घरी जायचं नाही, ही त्यांची आयुष्यभराची सवय. निवृत्त होऊन जमाना झाला, पण डोक्यातली ड्युटी काही संपेना. खिसे चाचपायचे, उशीखाली बघायचे आणि दाराकडे निघायचे. एकदा आमची नजर चुकवून बाहेर पडले ते एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनच्या गेटपाशी सापडले. तिथल्या पोरीला अस्सल साताऱ्याच्या मराठीत विचारत होते, ठाणे अंमलदार कुठं बसतो म्हणून. तेव्हापासून आम्ही दाराबाहेरच्या लोखंडी ग्रिलला कुलूप लावायला लागलो. ज्या माणसाने जन्मभर लोकांना कुलपात टाकलं, त्यालाच कुलपात ठेवायची पाळी आमच्यावर आली.

दर शनिवारी मी त्यांना जवळच्याच तोआ पायोहला नेतो. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांत बसून, कोपी म्हणजे इथली कॉफी प्यायची, थोडं चालायचं, परत यायचं. तिथे एका चिनी अंकलचं जुन्या खेळण्यांचं दुकान आहे. त्याच्या काचेच्या कपाटात एक रिव्हॉल्व्हर होतं. खेळण्यातलंच – दिवाळीत आपण टिकल्या उडवायचो तसलं. पण हे चांगलं धातूचं, वजनदार, चेंबर फिरणारं, जुन्या काळातलं, कुणीतरी हौसेने वापरून जपलेलं. नळीच्या तोंडाला लाल बूच. आप्पा काचेपाशी थबकले ते हलेचनात. शेवटी अंकलने किल्लीने कपाट उघडून ते त्यांच्या हातात दिलं.

आणि काय सांगू... ज्या हातातल्या चमच्यातली आमटी तोंडापर्यंत पोहोचत नाही, तो हात एकदम थरथरायचा थांबला. नळी जमिनीकडे, बोट चापापासून लांब. त्यांनी चेंबर बाहेर काढलं, डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि शांतपणे बंद करून परत दिलं.

"भरलेलं आहे साहेब. भरलेलं जमा करून घेत नाहीत."

अंकल हसायला लागला. त्याचं म्हणणं, टिकल्या सिंगापुरात मिळतात कुठे? मीही वाकून बघितलं. चेंबर स्वच्छ, रिकामं.

पण माझ्या डोक्यात किडा शिरला. हे घरी न्यायचं, रोज संध्याकाळी आप्पांच्या हातात द्यायचं, आणि मीच ठाणे अंमलदार होऊन जमा करून घ्यायचं. संपली ड्युटी! मी मोठ्या उत्साहाने मंजिरीला सांगितलं, तर तिने मला उभं-आडवं घेतलं. म्हणाली, ते घेऊन आप्पा कॉरिडॉरमध्ये गेले आणि शेजारच्या आजींनी बघितलं तर? इथे नुसतं बंदुकीसारखं काही दिसलं तरी पोलिसांना फोन जातो. "त्यांना धरून नेलं तर तू काय सांगणार आहेस? की हे पण पोलीसच आहेत म्हणून?" ईराही आईच्याच बाजूने. बाबा, डोन्ट लाह, आजोबा विल गेट इन ट्रबल. दोघींचं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. अंकलला फोन करून म्हटलं, विकू नकोस, कळवतो. मग आठवडाभर माझीच घालमेल. ऑफिसच्या कॉलवर लोक काहीतरी विचारायचे आणि मी मनात एकदा घ्यायचो, एकदा सोडून द्यायचो.

खंडेनवमीला मी घरूनच काम करत होतो. पाटावर माझा लॅपटॉप, पान्ह्यांचा सेट, ईराची बॅडमिंटनची रॅकेट, मंजिरीच्या सुऱ्या आणि मिक्सरसुद्धा. आप्पा आंघोळ करून पांढरा शर्ट घालून आले आणि आपणहून पूजेला बसले. एका जुन्या झटापटीत त्यांची अनामिका मोडली ती वाकडीच राहिली, त्यामुळे ते कुंकू अंगठ्याने लावतात, आडवं. सगळ्याला लावून झालं. मग पाटाकडे बघत राहिले. "रिव्हॉल्व्हर पूजेला ठेवलं नाही, साहेब?" आणि त्यांचे डोळे भरून आले.

मला ते बघवेना. हात धुतले, बूट चढवले आणि मंजिरीला म्हटलं, मी ते घेऊन येतोय. मी बाहेर पडल्यावर तिने ग्रिलला कुलूप लावल्याचा आवाज आला.

दुकानात अंकलने माझ्यासमोर कपाटाचं कुलूप काढलं आणि तो स्वतःशीच पुटपुटला. रिव्हॉल्व्हरचं चेंबर बाहेर आलेलं होतं. तो म्हणे नेहमी बंद करून ठेवतो. मी खाली वाकलो आणि वास आला – नुकत्याच उडवलेल्या टिकल्यांचा, दिवाळीच्या पहाटेचा. चेंबरमध्ये काळी राख. आणि मुठीवर कुंकू. अंगठ्याएवढं रुंद, आडवं, अजून ओलं. मी अजून त्याला हातसुद्धा लावला नव्हता.

आधी मी माझी बोटं बघितली. स्वच्छ. मग वाटलं, इथले तमिळ लोकही याच दिवसांत आयुधपूजा करतात, त्यातलं कुणी गिऱ्हाईक आलं असेल. अंकल म्हणाला, तुझ्या वडिलांनंतर हे कपाट उघडलेलंच नाही. किल्ली त्याच्या गळ्यात. कुंकवाकडे बोट दाखवून त्याने मलाच विचारलं, रस्ट आ? गंज वाटला त्याला.

तेवढ्यात मंजिरीचा फोन. "लवकर ये. आप्पा तुझं नाव घेतायत."

रिव्हॉल्व्हर तिथेच टाकून मी टॅक्सी पकडली. घरी आलो तर आप्पा खुर्चीत टेकून बसलेले. माझ्याकडे बघितलं, आणि उठले नाहीत.

"शिरीष, केवढा घामाघूम झालास रं. बस की."

मी त्यांच्या पायाशी फरशीवरच बसलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तर हाताला तोच वास. "हत्यार जमा केलं," म्हणाले. "रिकामं करून दिलं." मंजिरी समोर भाजी निवडत बसली होती. ती शपथेवर सांगते, आप्पा खुर्चीतून हलले नाहीत. नुसते थोडा वेळ डोळे मिटून होते. ग्रिलचं कुलूप तर मी आल्यावरच निघालं.

त्या दिवशी आप्पा माझ्याशी पोटभर बोलले. मग विचारलं, तुझी आई गेली ना रं? मी हो म्हटलं. ती गेल्यापासून तिच्यासाठी पहिल्यांदाच ते रडले, आणि मीही रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "बसा साहेब." त्यानंतर माझं नाव त्यांनी घेतलेलं नाही. पण संध्याकाळी आता ते दाराकडे जात नाहीत. खुर्चीत निवांत बसून असतात. ग्रिलचं कुलूप आम्ही काढून टाकलंय.

मेहुण्याला सांगितलं तर तो म्हणाला, अंकलकडे दुसरी किल्ली असेल, तुझ्या मनाचे खेळ असतील. असतील बाबा. ते ओलं कुंकू कसं आलं, हे मला आजही सांगता येत नाही. फोटो काढायचंसुद्धा सुचलं नाही.

अंकलने परवा मेसेज करून विचारलं, अजून हवंय का? मी नको म्हणून कळवलं. ते जमा झालंय. घरी आणलं तर आप्पांना पुन्हा ड्युटीवर जावं लागेल.