गादीवाल्या मावशींचा अंगठा

गादीवाल्या मावशींचं नाव होतं ते त्यांच्या उजव्या अंगठ्यामुळे. जुनी गादी मधोमध दाबली की कापूस किती वर्षांचा, हे त्या बिनचूक सांगत. कडा कधी दाबत नसत. कडेला झोपतंय कोण?

स्वतःच्या छातीतली गाठही त्यांनी अशीच मधोमध दाबली. मऊ लागली, म्हणून चार महिने काणाडोळा केला. एवढ्या शहाण्या बाईनं असं करावं, याचा राग येतो. पण शहाणपण सवयीपुढे नेहमीच हात टेकतं.

तपासणीत कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाईंनी कडकपणा दाखवणारी सोनोग्राफी केली. पडद्यावर मध्ये निळं आणि भोवती लाल कडं. लाल म्हणजे काय, मावशींनी लगेच विचारलं. लाल म्हणजे कडक, बाई म्हणाल्या. गाठीभोवतीचं मांस असं आवळलेलं असलं की औषध आत झिरपायला जड जातं. अशा गाठी बरेचदा चिवट निघतात, नेहमीच नाही. दोन डोस देऊन बघू, फरक नसला तर औषध बदलावं लागेल.

मावशी घाबरल्या होत्याच, पण कुतूहल स्वस्थ बसू देईना. दुकानात त्यांनी घट्ट बसलेला कापसाचा गोळा आणि पिंजलेला कापूस, दोन्हींवर नीळ घातलेलं पाणी ओतलं. पिंजलेला चिंब झाला. गोळा फोडला तर आत कोरडा ठणठणीत. सून फरशी पुसत बडबडत राहिली. मावशी त्या गोळ्याकडे बघत बसल्या.

दोन डोसांनंतर पुन्हा मोजणी झाली. गाठ तेवढीच, मिलिमीटरभरही कमी नाही. सुनेचा चेहरा उतरला. मावशी मात्र पडद्याला डोळे लावून होत्या.

"बाई, ते लाल कडं दोन जागी तुटलंय का?"

"तुटलंय. कड सैल पडतेय, हे चांगलं लक्षण आहे. हेच औषध चालू ठेवू."

"पिंजताना पण आधी गोळा सैल होतो," मावशी सुनेला म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात गादी आली. अंगठा सवयीनं मध्यावर गेला. त्यांनी तो उचलून कडेवर ठेवला आणि सुनेला हाक मारली.

"हात दे. कडेकडेनं कसं चाचपायचं ते शिकून घे. गादीचं नाही सांगत मी."