तुज्या मागसून कोण?

रोज संध्याकाळी शेवटची फेरी परतली की भाई धक्क्याच्या टोकाशी उभे राहत आणि पहिल्या होडीवाल्याला विचारत, "तुज्या मागसून कोण रे?" त्यानं एकच नाव सांगायचं. मग त्या नावाच्या होडीवाल्याला तोच प्रश्न. 'यशोदा'च्या मागून 'तुळसा', 'तुळसा'च्या मागून 'भगवती', अशा एकवीस होड्या. प्रत्येकाला आपल्यामागचं तेवढं नाव ठाऊक; अख्खी रांग फक्त भाईंच्या डोक्यात. सकाळी डॉल्फिन बघायला पर्यटक आले की त्याच क्रमानं होड्या सुटत, आणि काल जिची पाळी राहिली ती आज पहिली.

एके काळी वही होती. तिच्यात कुणीतरी मधेच एक नाव घुसवलं आणि दोन सख्ख्या भावांचं बोलणं तुटलं. तेव्हापासून वही बंद.

आता भाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. कुडाळच्या डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी दिलेली तारीख त्यांनी दोनदा टाळली होती. "मी नाय तर पाळी कोण सांगतलो?" एवढंच म्हणत.

पुतणी संचिता कुडाळलाच डिप्लोमा करत होती. काकांचा प्रश्न तिनं लहानपणापासून ऐकलेला; वर्गात सी भाषेतली लिंक्ड लिस्ट शिकवली तेव्हा तो एकदम नवा वाटला. प्रत्येक कडीत एक नाव, आणि पुढची कडी संगणकाच्या मेमरीत कुठे आहे तो पत्ता. हेच तर काका करतात! तिनं प्रोग्राम लिहिला, संध्याकाळी रांग फाइलमध्ये साठवली, तिथल्या तिथे पुन्हा वाचून दाखवली. एकवीसच्या एकवीस बरोबर.

रात्री लॅपटॉप बंद केला. सकाळी धक्क्यावर उघडला, तर 'यशोदा' उमटली आणि प्रोग्राम कोसळला.

"काय गो," 'भगवती'चा सुदेश ओरडला, "सगळ्यांका एकाच होडयेत बसवतंस काय?"

धक्का हसला. भाईंनी पाळी तोंडी सांगितली आणि फोन काढला. उद्याची तिसरी तारीखही रद्द करायला.

"आजचो दिस माका दी, काका," संचिता म्हणाली.

भाई तिच्याशेजारी टेकले. "फायलीत लिवलंस काय?"

"नाव. आणि पुढची कडी खंय आसा, तो जागो."

भाईंनी हनुवटीनं खाडी दाखवली. "काल सांजेक 'तुळसा' त्या वाकड्या माडाकडे होती. आता बघ."

'तुळसा' नांगराभोवती फिरून पार खडकाच्या अंगाला गेली होती.

"पाण्यातलो जागो तो. तो कशाक लिवतंस? नाव लिव."

संचिता बघतच राहिली. लॅपटॉप बंद झाला तेव्हाच मेमरीतल्या कालच्या जागा पुसल्या गेल्या होत्या. फाइल मात्र त्याच जागांकडे बोट दाखवत बसली होती. काल संध्याकाळी बरोबर आलं, कारण तेव्हा होड्या अजून हलल्याच नव्हत्या. तिनं पत्ते काढून टाकले. फाइलमध्ये फक्त नावं, एकामागून एक. वाचताना प्रत्येक नावासाठी नवी कडी करायची आणि आधीच्या कडीच्या शेपटीला बांधायची. दुपारी ती चुकून डोक्याला बांधली, तर रांगच उलटली आणि शेवटची होडी पहिली आली. ती नेमकी सुदेशच्या चुलत्याची. "ह्या बरा आसा," सुदेश म्हणाला, "ह्याच ठेव!"

दुसऱ्या सकाळी लॅपटॉप नव्यानं सुरू झाला. संचिता नावं वाचत गेली, भाई डोळे मिटून ऐकत होते. प्रत्येक नावाला मान हलत होती. एकविसाव्या नावाला हलली आणि थांबली. होडीवाले आपापल्या होडीकडे वळले. पहिली होडी सुटली.

कुडाळला न्यायला रिक्षा उभी होती. भाई आत बसले. आता ते एकदा तरी मागं वळून पाळीचं विचारतील म्हणून संचिता वाट बघत राहिली. त्यांनी मांडीवरची पिशवी चाचपली.

"डब्यात सुक्या बांगड्याची चटणी घातलंस मा गो?"