अस्तराआतलं नाव

सिंगापूरच्या उकाड्यात जो माणूस लोकरीचे कोट शिवतो, त्याच्याकडून शहाणपणाची अपेक्षा मीच करायला नको होती. क्वीन्सटाउनमधल्या एका जुन्या इमारतीत आमचं वर्कशॉप होतं. सर इटालियन, सत्तरी केव्हाच ओलांडलेले. मी पुण्याहून आलेली, त्यांच्याकडे पॅटर्न कापणारी. माझा वर्क पास त्यांच्या जिवावर, त्यामुळे त्यांची जीवनकथा ऐकणं हे कामातच धरलेलं. गावातल्या शिंप्याचा मुलगा, मिलानमधलं पहिलं दुकान, मग नट्या, मासिकं, आणि शेवटी ती सही. कंपनी विकली आणि तिच्याबरोबर स्वतःचं नावही गेलं. आता ते नाव अत्तरांवर असतं, चपलांवर असतं. सरांना मात्र ते स्वतः शिवलेल्या कोटावर लावायची बंदी. सर मध्येच अडखळले तर पुढचं वाक्य मी सांगायची, इतकी ती गोष्ट मला पाठ होती.

आई तेव्हा माझ्याकडे आली होती. फ्लॅटमध्ये एकटी कंटाळते म्हणून तिला वर्कशॉपला नेलं, आणि नेमका त्याच दिवशी सरांनी घोळ घातला. संध्याकाळी गिऱ्हाइकाकडे जायच्या कोटावर, कॉलरच्या मागे, त्यांनी स्वतःचं नाव दोऱ्यानं काढून ठेवलं होतं. अक्षरंही धड नव्हती.

"हा माझा शेवटचा कोट," ते म्हणाले. "डोळे गेले माझे. नावाशिवाय हा बाहेर जाणार नाही."

"सर, कंपनीचे वकील इथे कुलूप लावतील. मला पुण्याला परत जावं लागेल."

"मग कोट इथेच राहील."

मी कपाळावर हात मारला. आईनं विचारलं, "काय म्हणतायत गं ते?" वैतागून सगळं सांगितलं.

"मग आत काढा की, अस्तराच्या आत," ती म्हणाली. "मी जन्मभर 'अहो' म्हणूनच हाक मारली. नाव घ्यायचं ते उखाण्यात, आडून. म्हणून काय ते नव्हतं?"

झालं. गिऱ्हाइकाचे फोन येत होते आणि मी एका इटालियन म्हाताऱ्याला इंग्रजीतून उखाणा समजावत बसले. पटल्यावर त्यांना सुई ओवता येईना, म्हणून कॉलरमागचं नाव उसवून अस्तराखालच्या जाड कापडावर, कॅनव्हासवर, नवं काढायचं कामही माझ्याच गळ्यात. एक अक्षर कललंय म्हणून त्यांनी ते बोटांनी चाचपून दोनदा उसवायला लावलं. अस्तर मिटलं, तेव्हा ते त्या जागेवर हात ठेवून रडले. माझा राग तिथेच विरला.

पण स्वस्थ बसतील तर ते सर कसले? डोळे पुसून आईकडे वळले. "आता तुम्ही. तुमच्या नवऱ्याचं नाव."

मला संतापच आला. बाबा गेल्यापासून आईला हळदीकुंकवाचं बोलावणं येत नव्हतं, नाव घे म्हणणं तर दूरच. मी सरांना थांबवायला तोंड उघडलं, पण 'हजबंड' आणि 'नेम' एवढं आईला कळलं होतं; तिनं माझा हात दाबला. पदर सारखा केला. कोट, अस्तर, सुई असं काहीतरी जुळवत तिनं उखाणा घेतला. यमक जमलं नाही. नाव मात्र स्पष्ट आलं.