होडीतला स्टिरिओ आणि रविवारचं पाणी

माझ्या दादाचं लग्न ठरलं ते एका प्रश्नावर, आणि तो प्रश्न मुलीनं विचारला होता.

मुलगी बघायला आम्ही होडीनं गेलो होतो. त्यांचं गाव आमच्याच नदीवर, खालच्या अंगाला. पोहे झाले, शिक्षण-बिक्षण विचारून झालं. मग तिचे वडील मोठ्या मनाचा आव आणून म्हणाले, "तुला काय इचारायचं आसंल तर इचार गं." अशा वेळी मुलीनं मान खाली घालायची असते. हिनं वर केली. दादा कर्जतला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"स्टिरिओत म्हनं एका कानात येक आन दुसऱ्या कानात दुसरं वाजतं. ते खरं हाय का?"

दादाच्या हातातली बशी कलंडली आणि चहा त्याच्या पांढऱ्या पॅंटवर सांडला. त्याला भाजलंसुद्धा नाही. "खरं हाय," तो म्हणाला. "लग्नाच्या दिशी ऐकवतो तुमाला."

परत येताना तो नुसता पाण्याकडे बघून हसत होता. मी तेव्हा नुकतीच शाळेत मास्तरीण म्हणून लागले होते, जिभेला धार होती, आणि भावाची टिंगल करण्याइतका दुसरा आनंद मला ठाऊक नव्हता. पण त्या दिवशी त्याच्याकडे बघून मलाच गुदगुल्या व्हायला लागल्या.

वऱ्हाड होडीनं जाणार हे ठरलेलंच होतं. म्हणजे स्टिरिओही होडीतच बसणार. मुंबईच्या गिरणीत असलेले मामा सल्ला द्यायला आले. "भोंगा लाव रं भाच्या. पार कशेळ्यापर्यंत ऐकू गेलं पायजे!"

"भोंगा वरडतो मामा, गात नाय," दादा म्हणाला. मामा रुसले. पण नवरदेवापुढे कुणाचं चालतं?

मग निवड सुरू झाली. तबकडी बाद, कारण होडी हलली की सुई नाचणार. त्यानं मोटारीत बसवतात तो कॅसेटचा टेप मिळवला, म्हणजे ट्रकच्या बॅटरीवर भागलं. टेपचा स्वतःचा आवाज नदीवर पुरायचा नाही म्हणून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात त्यानं अॅम्प्लिफायर बांधला. खरं म्हणजे दोन, एकाच डब्यात शेजारी शेजारी, डाव्याला एक नि उजव्याला एक. कागदी कोनाचे दोन मोठे स्पीकर आणले. ओल लागली की कागद मरतो, म्हणून फणसाच्या फळ्यांच्या पेट्या केल्या आणि त्यांना खताच्या पिशव्यांचे अंगरखे शिवले. ते शिवण माझं.

तारा जोडायच्या दिवशी मी टॉर्चमधला सेल घेऊन स्पीकरच्या मागे बसले. सेल टेकवला की कोन एकदम हलायचा.

"भाईर आला का आत गेला?"

"बाहेर."

"मंग ती तार लाल. दुसऱ्याला बी तशीच लाव. नायतर एक पुढं ढकलतो नि दुसरा मागं वढतो, आन मधी नुस्ती पोकळी."

"आई-बाबांसारखं," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. जोडांवर त्यानं मेणबत्तीचं मेण ओतलं, पाणी जाऊ नये म्हणून.

अडचण एकच होती. होडी अरुंद. डावीकडे-उजवीकडे ठेवले तर दोन्ही स्पीकर मांडीला मांडी लावून बसणार, मग कान वेगळे कसे होणार? शेवटी एक होडीच्या पुढच्या टोकाला ठेवला, एक मागच्या. बॅटरी मधे. तारा फळ्यांखालून नेल्या.

लग्नाचा मुहूर्त रविवारी दुपारचा धरला होता, कारण आमचे निम्मे पाहुणे गिरण्यांत, आणि गिरण्यांना सुट्टी रविवारी. सकाळी सगळे नटूनथटून होडीत बसले. दादाच्या कपाळाला मुंडावळ्या, हातात लिंबू टोचलेली कट्यार, आणि दुसरा हात टेपवर. मी करवली, माझ्या हातात कऱ्हा. होडीवाल्यानं बांबू टेकवला, दादानं बटण दाबलं, आणि नदीवर गाणं सुरू झालं. अंगावर काटा आला माझ्या. इतकं सुंदर काही आमच्या नदीनं ऐकलं नव्हतं, असं मला अगदी मनापासून वाटलं.

थोड्या वेळानं पुढून मामा ओरडले, "आरं, आमाला नुस्ता तबलाच वाजतोय!"

मागून मावशी म्हणाल्या, "आमच्याकडं नुस्ती बाई गातीया. तबला कुटं हाय?"

स्टिरिओच तो! पुढच्यांना अर्धं गाणं, मागच्यांना अर्धं. दादा समजावू लागला, पण ऐकतो कोण? आम्ही आहेरात कमी पडलो असतो तर चाललं असतं, तबल्यात कमी पडणं पाहुण्यांना चालेना. पुढचे मागे निघाले, मागचे पुढे. मामा तेवढे हलले नाहीत. ते पुढच्या पेटीवरच ठाण मांडून बसले होते. बाकीचे शेवटी बॅटरीभोवती मधोमध गोळा झाले, आणि तेवढ्यात तळाशी खरखर झाली. होडी थांबली.

बघतो तर नदीत पाणीच जेमतेम. काठावरच्या बायका खडकांवर गोधड्या आपटत होत्या आणि आमच्याकडे बघून हसत होत्या. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमची नदी उन्हाळ्यातही वाहते ती वरच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर. मुंबईच्या गिरण्या चालल्या की वीज लागते, वीज केली की पाणी सुटतं. रविवारी गिरण्या बंद, म्हणून पाणी कमी, म्हणून खडक उघडे, म्हणून तर आम्ही बायका गोधड्या रविवारी धुतो! जन्मभर धुतल्या. ज्या सुट्टीपायी रविवार धरला, त्याच सुट्टीनं नदी आटवली होती, आणि ते एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"तुमाला तरी कळाया नको?" आई होडीवाल्यावर खेकसली.

"आयतवारी मी होडी काढीतच नाय," तो म्हणाला. "मला सुट्टी आसती." सुट्टी का असते, हे तो स्वतःच विसरला होता.

मुहूर्त जवळ येत चाललेला. "उतरा, उतरा!" मामा गरजले आणि स्वतः आधी उतरले. त्यांच्यामागे सगळे. होडीवालाही ढकलायला उतरला. दादा ओरडत होता, "आधी टेप बंद करू द्या!" पण त्यालाही दोघांनी बखोटीला धरून खाली घेतलं. ओझं गेल्याबरोबर होडी हलकी झाली, वर आली, आणि धारेला लागून आमच्यादेखत निघून गेली. गात गात.

दादा मुंडावळ्या सावरत गुडघाभर पाण्यातून धावला. आई मागून, "हळद लागल्याय रं तुला, पळू नको!" आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे. माझ्या हातातल्या कऱ्ह्यातलं पाणी कधीच सांडलं होतं. मी नदीतून पुन्हा भरून घेतला. हसू आवरत नव्हतं, आणि दादाच्या तोंडाकडे बघून रडूही येत होतं. होडी दिसेनाशी झाली, पण गाणं पुढून ऐकू येत होतं. "वाजतंय," तो सारखा म्हणत होता. "वाजतंय म्हंजी बुडाली नाय."

शेवटच्या वळणाआधी गाणं थांबलं.

दादा जागच्या जागी उभा राहिला. पाण्याच्या खळखळीशिवाय काही नाही. "तिला ऐकवतो म्हनलो व्हतो गं," तो मला म्हणाला, एवढंच. मी एका हातानं त्याच्या मुंडावळ्या सरळ केल्या.

आणि वळणापलीकडून गाणं पुन्हा सुरू झालं. नवीन.

आम्ही धावलो. मुलीकडच्या गावाच्या घाटाला होडी आडवी लागली होती. काठावर ओवाळायला तबकं घेऊन आलेल्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. वऱ्हाड आलं म्हणून त्या धावल्या, तर होडीत माणूसच नव्हतं. आणि आता मधोमध, बॅटरीशेजारी, पिवळ्या साडीतली नवरी काठाकडे तोंड करून बसलेली. होडी आडवी झाल्यामुळे एक स्पीकर बरोबर तिच्या डाव्या कानाशी होता, एक उजव्या. दादाला जे साधलं नव्हतं ते नदीनं करून दिलं होतं. कॅसेटची एक बाजू संपली, तेव्हा ती तिनंच उलटी घातली होती.

"बघू नका रं एकमेकांना!" कुणीतरी किंचाळलं. अंतरपाटाआधी बघायचं नसतं. मी मामांच्या खांद्यावरचं ओलं उपरणं ओढलं, होडीत चढले आणि दोघांच्या मधे धरलं. दादा धापा टाकत पलीकडे बसला.

"खरं हाय तुमचं," उपरण्याच्या आडून ती म्हणाली. "येकात येक, दुसऱ्यात दुसरं. पन डावा जरा हळू वाजतोय."

वाजणारच. डावा म्हणजे पुढचा, आणि त्या पेटीवर मामा बसून आले होते. मला वरून दोन्हीकडचं दिसत होतं. त्यानं उपरण्याखालून आवाज कमीजास्त करायच्या बटणाकडे हात नेला, आणि त्या बटणावर तिचा हात आधीच होता.

ना ह्यानं काढला, ना तिनं.

"अरे, मंगलाष्टका तरी होऊ द्या!" काठावरून भटजी ओरडले.