दोन खाटांची घंटी

मला त्या भिंतीची शिसारी आली होती. पाण्याच्या मशीनशेजारी ठोकळेसाहेबांनी पुठ्ठ्याचे चोवीस रंगीत चौकोन चिकटवले होते; एकेक चौकोन म्हणजे कामाची एकेक पायरी, त्यांच्या भाषेत 'ठोकळा'. सॉफ्टवेअर कसं बनवावं याची पद्धत आखायला त्यांना आणलेलं. स्वतः कधी एक ओळ लिहिली असेल तर देव जाणे. "प्रत्येक टीमने हवे ते ठोकळे उचला, नको ते सोडा," ते म्हणाले आणि आम्ही नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. सक्तीचे ठोकळे दोनच: रोजची उभी मीटिंग आणि दर पंधरवड्याला टाळ्यांचा तास. तपासणी ऐच्छिक!

काम होतं हॉस्पिटलच्या घंटीचं. रुग्णाने खाटेवरचं बटण दाबलं की नर्सच्या टेबलावरच्या पडद्यावर त्या खाटेचा नंबर उजळायचा आणि घंटी वाजायची. बटण एका टीमकडे, पडदा दुसरीकडे, मधला निरोप पोचवणं माझ्याकडे. तपासणीचा ठोकळा पडदावाले घेतील असं धरून मी सोडला. त्यांनी बटणवाल्यांवर ढकलला, बटणवाल्यांनी माझ्यावर. सांगायला लाज वाटते, पण झालं ते असं.

आमच्याकडे तपासणी करायची मावशी. सख्खी कुणाचीच नाही, पण सगळं ऑफिस तिला मावशीच म्हणायचं. बावन्न वर्षांची, गुडघे कामातून गेलेले, वीस वर्षं आमच्यासारख्यांच्या चुका उपसत आलेली. तिचा ठोकळा कुणीच उचलला नाही, तरी ती आपली घंटी तपासत बसली. एका मंगळवारी उभ्या मीटिंगमध्ये खुर्चीची पाठ धरून म्हणाली, "दोघांनी एकदम बटण दाबलं तर एकच घंटी वाजते. दुसरी गडप. मग कितीही दाबा."

"मावशी, खुर्ची सोडा, ही उभी मीटिंग आहे," साहेब म्हणाले. "आणि तपासणी या फेरीत नाही. सापडलेल्या चुकांचं कार्ड लावायला भिंतीवर रकानाच नाही."

"मग करा की रकाना! तिकडे माणूस तडफडत असेल आणि नर्सला पत्ताच नाही?"

"पद्धतीवर विश्वास ठेवा."

तिने कार्ड तरीही लावलं. संध्याकाळी ते कचऱ्याच्या डब्यात. असं तीनदा झालं. चूक माझ्याच भागात आहे हे मला ऐकताक्षणी कळलं होतं, पण मी मिठाची गुळणी धरून बसलो. टाळ्यांच्या तासाला साहेबांनी आलेख दाखवला: सापडलेल्या चुका शून्य. शोधायचंच नाही म्हटल्यावर सापडणार काय, कपाळ? आम्ही टाळ्या पिटल्या. मीही. थू माझ्या जिंदगानीवर.

हॉस्पिटलात घंटी शुक्रवारी दुपारपासून सुरू व्हायची होती, म्हणून त्या सकाळी आम्ही रिकाम्या वॉर्डात जमलो. मुख्य नर्स टेबलाशी बसल्या होत्या. मावशी गोड आवाजात म्हणाली, "साहेब, सात नंबरवर आडवे व्हा ना. फोटो छान येईल."

फोटो म्हटल्यावर साहेब बुटांसकट आडवे. मावशी कण्हत आठ नंबरवर पडली. "तीन म्हटलं की दाबा हं. एक, दोन, तीन!"

आठ उजळला. सात अंधारात. साहेबांनी पुन्हा दाबलं, अंगठा पांढरा होईस्तोवर दाबलं.

"दाबा, दाबा," मावशी छताकडे बघत म्हणाली. "पद्धतीवर विश्वास ठेवा."

मुख्य नर्स उठल्या. "ही घंटी माझ्या वॉर्डात आज सुरू होणार नाही. कुणाला माहीत होतं हे?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "मला," मी म्हणालो.

दुरुस्तीला मला चाळीस मिनिटं लागली. चाळीस!

सोमवारी भिंतीवर पंचविसावा चौकोन: 'दोन खाटांची चाचणी', आखणी ठोकळेसाहेबांची. खाली बारीक अक्षरात: ऐच्छिक. मी रागाने आमच्या टीमच्या ठोकळे निवडायच्या कागदावर त्यापुढे खूण केली. बाकी दोन टीमचे कागद तिथेच पडले होते. दोन्हींवर तो चौकोन कोरा.

"त्यांना वाटलं, तू घेशील," मावशी म्हणाली. "आणि तू रजेवर असशील तेव्हा रे?"