फौजदारीनबाईंची वर्गणी

फौजदारीनबाई वर्गणी मागत नसत, वसूल करत. त्यांचे यजमान काही फौजदार नव्हते. ते बिचारे बांबूच्या टोपल्या विणत आणि बायकोपुढे तोंड उघडत नसत. पण बाईंचा आवाजच असा, की ओसरीवर झोपलेला माणूस आधी उठून बसायचा आणि मग कोण आलंय ते पाहायचा. ही पदवी त्यांना गावानेच बहाल केली होती.

पहिल्या निवडणुकीचा तो हिवाळा. आमच्या पक्षाकडे उमेदवार होता, पण जंगलातल्या गावांत प्रचाराला फिरायचं तर गाडीभाड्याचीही सोय नव्हती. समोर उभे होते गावचे जमीनदार असलेल्या मालगुजारांचे मेव्हणे. बाईंनी सूप उचललं, मला शेजारणीला बरोबर घेतलं आणि दारोदार निघाल्या. प्रत्येक घरातून ओंजळभर धान, त्याच्यावर दाणा नाही. एका दुकानदाराने पोतंच देऊ केलं, तर म्हणाल्या, "पोतं घेतलं त उमेदवार तुहा होईल. ओंजळच दे, भाऊ."

उलट एका म्हातारीच्या घरात धानच नव्हतं, तर तिच्याकडून वाळलेली मोहफुलं घेतली. मी हळूच म्हटलं, "राहू द्या ना, बाई." त्या माझ्यावरच डाफरल्या, "काऊन राहू देऊ? तिले मत नाई का?"

मालगुजारांना हे झोंबलं. मालगुजारी सरकारने काढून घेतली होती, पण लोकांच्या मनातली कोण काढणार? कोतवालाने घरोघर निरोप दिला: या बाईला जो वर्गणी देईल, त्याला मालकाच्या शेतावर काम नाही. दुसऱ्या दिवशी आम्हाला पाहून दारं लागू लागली. माझं अवसानच गळालं.

आमच्या झाडीपट्टीत रीत आहे, धानाची रास खळ्यावर असताना कोणी सूप पुढे केलं तर मालकाने त्याला रिकामं परतवू नये. बाई भर दुपारी थेट मालगुजारांच्या खळ्यावर गेल्या. मागे मी, लटपटत.

"मालक, पक्षाची वर्गणी द्या."

"कोणत्या पक्षाची?"

"तुमच्या मेव्हण्याले पाडणाऱ्या."

मजुरांचे हात थांबले. मालगुजार खाटेवरून उठले. "चालती हो इथून!"

"जातो ना. पण राशीवरून रिकामी धाडता का मले? सगळ्याइच्या समोर सांगा."

मालगुजारांनी राशीकडे पाहिलं, मग मजुरांकडे. शेवटी दात-ओठ खात त्यांनी ओंजळ भरली आणि सुपात टाकली.

बाई मजुरांकडे वळल्या. "पाह्यलं? मालकानंच देल्ली. आता कोणाकोणाचं काम बंद करते, पाहू!" संध्याकाळपर्यंत लोक स्वतःहून धान घेऊन आमच्याकडे येऊ लागले.

निवडणूक आम्ही सपाटून हरलो. पावसाळ्यात धानाची रोवणी आली तेव्हा मालगुजारांनी एकट्या बाईंना कामावर यायची मनाई केली. त्या सकाळी आम्ही सगळ्या बायका मालगुजारांच्या बांधीपर्यंत, धानाच्या शेतापर्यंत, गेलो, पण चिखलात कोणीच उतरली नाही. कोतवाल ओरडून दमला, मग मालगुजार स्वतः बांधावर येऊन उभे राहिले. "फौजदारीनबाई नाई त आमी नाई," एवढंच आमचं उत्तर. लावणीचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, सुकायला लागली, तेव्हा तोच कोतवाल बाईंना बोलवायला त्यांच्या घरी धावत गेला.

बाई जाऊन बरीच वर्षं झाली. तो पक्षही आता उरला नाही. पण त्या बांधावर मी मालगुजारांच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी होते, आणि माझे पाय लटपटत नव्हते.