तेलात पाहिलेला दात

माझ्या भाचीला वरचा दात आधी आला, हे धाकट्या बहिणीने, नंदाने, फोनवर रडत सांगितलं तेव्हा मला हसू आलं होतं. आमच्याकडे वरचा दात आधी आला की तो मामाला जड जातो म्हणतात, आणि मामा म्हणजे मी एकटाच. शेलूबाजारला तिच्या घरी गेलो तर नंदाने आरूला चटकन पदराखाली घेतलं. “दादा, तू नको पाहू तिच्या तोंडाकडे. तुले काई झालं तं मी कोनाकडे पाहू?” आईवडील आम्हाला राहिले नाहीत. माझ्या काळजीपोटी ती लेकीचं तोंड लपवत होती, आणि पोर नीट दूध ओढत नाही, हेही सगळे त्या दातावरच ढकलत होते.

आमच्या गावच्या वेशीवर रस्त्याला लागून मारुती आहे. दर शनिवारी मी त्याला तेल घालतो आणि घालता घालता आठवड्याची सगळी कामं सांगतो. हे कर, ते अडव, याच्याकडे जरा बघ. नंदाचा नवरा, आमचे जावईबापू, मला नेहमी चिडवायचे, “भाऊ, तुमचा मारुती करते काय? नुसता उभा तं राह्यते.” मी वरवर रागवायचो. खरं सांगायचं तर तोच प्रश्न माझ्याही मनात होता.

दातावर आमच्या घरची रीत अशी, की मामाने बाळाचं तोंड थेट पाहायचं नाही. काशाच्या वाटीत तेल घ्यायचं, त्यात दात पाहायचा आणि ते तेल मारुतीला घालायचं. थंडीतला शनिवार होता. हरभऱ्यावर धुकं उतरलं होतं, रस्ता असून नसल्यासारखा, आणि त्या पांढऱ्या शांततेत आमच्या गावी आलेली नंदा आरूला घेऊन मारुतीच्या पारावर बसली. मी वाटी खाली धरली. आरू तेलाकडे बघून तोंडभर हसली, आणि तेलात एक इवलासा दात तरंगला. त्याच्याभोवती मात्र काळंनिळं सावट होतं. तेल जुनं असेल म्हणून मी वाटी हलवली. दात हलला, सावट त्याच्याबरोबरच हलत राहिलं.

धुक्यामुळे एक जीप तिथे थांबली होती. तिच्यातली एक बाई दर्शनाला आली होती. ती माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, “भाऊ, तेल साफ हाये. पोरीची हिरडी काळी पडली. दवाखान्यात न्या आजच.” मी रीत मोडून सरळ आरूच्या तोंडात पाहिलं. वरची हिरडी निळसर फुगली होती आणि दात त्या फुगीने बाहेर ढकलला होता. मान वळवली तेव्हा जीप मंगरूळपीरकडे निघून गेली होती. ती कोण होती, मला आजही माहीत नाही. मी तिला काही नाव देत नाही.

पुढे नागपूर. तान्ह्या बाळांना क्वचित होणारी जबड्याची गाठ निघाली. कॅन्सर नव्हे, पण झपाट्याने वाढून हाड खाणारी. तपासणीला पाठवलेला तुकडा डॉक्टरीणबाईंनी मला पडद्यावर दाखवला. मी घाबरून पाहायला गेलो आणि बघतच राहिलो. गुलाबी रान पसरलेलं, त्यात गाठीच्या काळ्या पेशींचे पुंजके, आणि पुंजक्यांच्या कडेकडेने मोहरी सांडावी तसे बारीक जांभळे ठिपके. “या तिच्या शरीराच्या राखणदार पेशी,” बाई म्हणाल्या. “गाठीपाशी आपोआप जमतात.”

मी विचारलं, “लढून राह्यल्या का त्या?”

बाईंनी पडद्यावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. “लढतात की नुसत्या उभ्या असतात, हे या गाठीत आम्हाला अजून नीट कळलेलं नाही.”

मला रडू आलं. कुणी पाहण्याआधी, मी वाटी धरण्याआधी, कुणीतरी त्या पोरीच्या वेशीवर येऊन उभं होतं. मी सांगितलं नव्हतं. मला तर ठाऊकही नव्हतं.

गाठ काढली, सोबत थोडं हाडही गेलं. अशी गाठ पुन्हा येऊ शकते, म्हणून आम्ही तपासणीला जातो. आरू आता धावते, वरच्या फटीतून शिट्टीसारखं “मामा” म्हणते, आणि नंदा तिला स्वतः माझ्या मांडीवर आणून ठेवते.

शनिवारी मी अजूनही वेशीवर जातो. तेल घालतो. कामं सांगत नाही. त्याच्या शेजारी थोडा वेळ नुसता उभा राहतो.